जाहीरनामा हा पुरावा नसतो : चर्च, जात आणि तुमचा संशोधन प्रस्ताव

पेटचा निकाल लागला की ओळखीतल्या मुलामुलींचे संशोधन प्रस्ताव वाचायला यायला लागतात. यंदा आलेल्या एका मसुद्याचं शीर्षक साधारण असं होतं : 'वसई परिसरातील ख्रिस्ती समाजाची सामाजिक न्यायाप्रती बांधिलकी : एक अभ्यास'. विषय चांगला, भाषा नीट. पण 'अभ्यासपद्धती' या भागात लिहिलं होतं की चर्चची निवेदनं, परिपत्रकं आणि प्रवचनं गोळा करून, त्यांतले 'न्याय', 'समता', 'बंधुता' असे शब्द मोजून बांधिलकीचं प्रमाण ठरवलं जाईल.

मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आम्हाला बजावलं होतं की बाटलीवर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणावर कुणीतरी ०.१ लिहिलेलं असतं, पण ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत बसलेलं असतं. खरी तीव्रता टायट्रेशन केल्यावरच कळते. लेबल खोटं असतं असं नाही. लेबल हा एक दावा असतो. तो तपासायचा असतो, एवढंच.

आज आपण असंच एक लेबल वाचणार आहोत. मी याच भागातली, याच समाजातली आहे, त्यामुळे हे लिहिणं मला थोडं अवघड जातंय. पण तुमच्यातले बरेच जण स्वतःच्याच समाजावर संशोधन करणार आहात, म्हणून ही अवघड बाजूही तुम्ही बघितलेली बरी.

आधी शब्द : वंश की जात?

त्या मसुद्यातले संदर्भ बहुतेक अमेरिकेतले होते. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या अनेक चर्चनी दारात फलक लावले, निवेदनं काढली, स्वतःच्या इतिहासातल्या वंशभेदाची कबुली दिली. यावर तिकडे भरपूर संशोधन झालंय. आपले विद्यार्थी ते वाचतात आणि 'वंश' खोडून तिथे 'जात' लिहितात.

ही अदलाबदल इतकी सोपी नाही. २००१ मध्ये डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद भरली. जातीचा प्रश्न तिथे यावा म्हणून दलित संघटनांनी जोर लावला आणि जात म्हणजे वंश नव्हे, असं म्हणत भारत सरकारने विरोध केला. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, प्रस्तावात ही चर्चा एका परिच्छेदात यायलाच हवी. एक व्यावहारिक फरकही लक्षात घ्या. अमेरिकेतल्या गोऱ्या चर्चमध्ये कोण गोरं आणि कोण काळं हे दारातून आत शिरल्यावर दिसतं. आपल्याकडे रविवारच्या मिस्सेला बसलेल्या बाकांकडे बघून जात दिसत नाही. ती लग्न ठरवताना दिसते. त्यामुळे तिकडची मोजण्याची साधनं इकडे तशीच्या तशी चालत नाहीत.

चार जाहीर गोष्टी आणि त्यांचे श्रोते

भारतातलं कॅथलिक चर्च जातीबद्दल जाहीरपणे काय बोलतं? मला चार ठळक गोष्टी दिसतात.

पहिली, १० ऑगस्ट. १९५० मध्ये याच तारखेला अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदामुळे हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. म्हणून दलित ख्रिस्ती संघटना आणि चर्च हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात.

दुसरी, दलित मुक्ती रविवार. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी कॅथलिक आणि इतर चर्च मिळून हा पाळतात. प्रार्थना आणि प्रवचन त्या विषयावर असतं.

तिसरी, डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने प्रसिद्ध केलेलं दलित सक्षमीकरणाचं धोरण.

चौथी, २७ ऑगस्ट २०२२. हैदराबादचे आर्चबिशप पूला अँथनी कार्डिनल झाले. दलित समाजातून आलेले ते पहिलेच कार्डिनल.

आता प्रत्येक गोष्ट कुणाला उद्देशून आहे ते बघा. १० ऑगस्टची मागणी सरकारकडे आहे. रविवारची प्रार्थना देवाकडे आहे आणि ती समोर बसलेले भाविक ऐकतात. कार्डिनलची नेमणूक रोमहून होते आणि ती सगळं जग बघतं. फक्त २०१६ चं धोरण असं आहे, जिथे चर्च स्वतःच्याच संस्थांना उद्देशून, स्वतःच्याच चुकीबद्दल बोलतं. या चौघांना एका टोपलीत टाकून शब्द मोजले, तर सरकारकडे केलेली मागणी आणि स्वतःची कबुली यांची बेरीज होईल. ती बेरीज निरर्थक आहे. तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धची मागणी माझ्या मते न्याय्य आहे. पण ती करताना चर्चमधल्या कुणालाही आपली खुर्ची सोडावी लागत नाही, हेही खरं.

२०१६ च्या धोरणात काय जमलं

टीका करण्याआधी श्रेय देऊ. धोरण चाळीसेक पानांचं आहे आणि त्यात पळवाट काढलेली नाही. जातिभेद हिंदू समाजातून आला, आम्ही काय करणार, असा सूर लावणं सोपं होतं. तसं न करता, चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे, हे गंभीर सामाजिक पाप आहे आणि नेतृत्वात दलितांचा सहभाग अगदी कमी आहे, हे त्यात स्पष्ट मांडलंय. भारतातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत, असा आकडाही चर्चनेच दिला. म्हणजे हा अल्पसंख्याकांमधल्या अल्पसंख्याकांचा प्रश्न नाही. बहुसंख्य भाविकांचा प्रश्न आहे.

याला पार्श्वभूमी होती. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरमधल्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत आहे. २००८ मध्ये एरैयूर गावात कॅथलिकांमध्येच जातीवरून संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला. नोव्हेंबर २००३ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी तमिळनाडूच्या बिशपांसमोर जातिभेदावर कडक शब्दांत टीका केली होती. तरी संपूर्ण देशाच्या चर्चचं धोरण यायला आणखी तेरा वर्षं लागली.

१२ भागिले ५,०००

धोरण आल्यावर बातम्यांत एक वाक्य फिरलं : देशातल्या ५,००० कॅथलिक बिशपांपैकी फक्त १२ दलित आहेत. आजही ते लेखांतून, भाषणांतून सापडतं. आणि हो, विद्यार्थ्यांच्या मसुद्यांतही.

दोन मिनिटं थांबून विचार करा. भारतात कॅथलिक धर्मप्रांत आहेत १७० च्या वर. एका धर्मप्रांताला एक बिशप, मोठ्या ठिकाणी एखादा सहायक. सेवेतले बिशप मिळून साधारण २०० होतात. निवृत्त धरले तरी आकडा ५,००० च्या जवळपासही जात नाही. जगभरातले सगळे कॅथलिक बिशप मोजले तर ते पाच हजारांच्या घरात जातात. कुठेतरी छेद चुकलाय.

आता गणित करा. १२ भागिले ५,००० म्हणजे ०.२४ टक्के. १२ भागिले २०० म्हणजे ६ टक्के. दोन उत्तरांत पंचवीस पटींचा फरक. पण भाविकांमधलं दलितांचं प्रमाण चर्चच्या आकड्यानुसार ६३ टक्के आहे. ६३ च्या समोर ६ ठेवा. योग्य छेद घेतल्यावरही अन्याय दहापट उरतोच.

मग चुकीच्या आकड्याने बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं असं, की समोरचा माणूस 'अहो, भारतात एवढे बिशपच नाहीत' एवढं म्हणून तुमचा सगळा मुद्दा उडवून लावतो. बरोबर बाजूने दिलेला चुकीचा आकडा त्याच बाजूचं जास्त नुकसान करतो.

आणि १ कोटी २० लाख हा आकडा? तोही चर्चचा अंदाज आहे, मोजणी नाही. १९५० च्या त्या आदेशामुळे जनगणनेत एकच व्यक्ती ख्रिस्ती आणि अनुसूचित जातीची अशी नोंदवलीच जात नाही. म्हणजे ज्या कायद्याविरुद्ध मागणी आहे, त्याच कायद्यामुळे त्या मागणीचा पुरावा गोळा होत नाही. तुमच्या प्रस्तावात 'संशोधनाची गरज' या मथळ्याखाली काय लिहायचं हा प्रश्न पडत असेल, तर हे लिहा.

घरच्यांना ऐकवलेली कबुली

माझी मुख्य तक्रार आकड्यांबद्दल नाही, वाक्यांबद्दल आहे. अशा निवेदनांतली वाक्यं बहुधा दोन साच्यांची असतात. एक, 'आपण सर्वांनी भेदभाव सोडला पाहिजे.' दोन, 'जिथे भेदभाव असेल तिथे तो थांबवावा.' पहिल्यात सगळेच दोषी, म्हणून कुणीच नाही. दुसऱ्यात अट आहे, आणि प्रत्येक धर्मग्राम म्हणू शकतो, 'आमच्याकडे नाही बुवा.'

तुलनेसाठी दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण घेऊ. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ मध्ये ठरवलं की काही गोऱ्या सदस्यांच्या दुबळेपणामुळे इतर वर्णाच्या ख्रिस्ती लोकांची उपासना वेगळी घ्यायला हरकत नाही. सोय म्हणून घेतलेला हा निर्णय. पुढे १८८१ मध्ये 'कलर्ड' म्हणवल्या गेलेल्या लोकांचं वेगळं चर्चच झालं. त्या वेगळ्या काढलेल्या चर्चने १९८२ मध्ये बेलहार इथे एक श्रद्धाकबुली तयार केली आणि १९८६ मध्ये स्वीकारली. वर्णावरून माणसं वेगळी करणाऱ्या शिकवणीला त्यांनी श्रद्धेशी विसंगत ठरवलं.

तिचं वेगळेपण शब्दांच्या जोरात नाही. ती ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी लिहिली, आणि तिचा रोख स्वतःच्याच मूळ चर्चकडे होता. ते चर्च समोरच होतं आणि त्याला हो किंवा नाही म्हणणं भाग होतं. गोऱ्यांच्या मूळ चर्चमध्ये तिच्या स्वीकारावरून पुढे कित्येक वर्षं वाद चालला. हा वादच सांगतो की तिच्या शब्दांना किंमत होती. सगळ्यांना लगेच पटणारं निवेदन दिसलं की संशोधकाने थोडं सावध व्हावं.

वसईत 'दलित' कोण?

आता घरी येऊ. वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला १९९८ मध्ये. आजचा पालघर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. इथला ख्रिस्ती समाज जुना. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, त्या दोनशे वर्षांतला. गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, पण समाज तसेच राहिले : सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी. बोली वेगळी, लुगड्याची तऱ्हा वेगळी, आणि आता-आतापर्यंत सोयरीकही वेगळी.

प्राथमिक मुलाखतींसाठी मी एका आजींकडे गेले होते. नोव्हेंबरमधल्या त्या रविवारचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "अगं बाय, चांगलीच प्रार्थना असते ती. पण आपल्यात दलित कुठे आहेत? ते तिकडे मद्रासकडे." मग अर्ध्या तासाने, नातवाच्या लग्नाची गोष्ट निघाल्यावर त्यांनीच सांगितलं की मुलगी 'आपल्यातली' नव्हती, म्हणून घरात दोन महिने अबोला होता. मुलगी कॅथलिकच होती. शेजारच्याच धर्मग्रामातली.

आजींचं उत्तर खोटं नव्हतं. 'दलित' या शब्दापुरतं ते बरोबरच होतं. अडचण आपल्या प्रश्नात आहे. देशपातळीवरच्या धोरणातला शब्द वसईत आणला, की तो कुणाच्याच अंगाला लागत नाही. सगळे मनापासून प्रार्थना करतात आणि ती दुसऱ्या कुणासाठी असते. इथली उतरंड कुपारी-वाडवळ-कोळी अशी आहे आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे आदिवासी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार आताच्या पालघर जिल्ह्यात सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यांना धर्म बदलला तरी जमातीचा दर्जा राहतो, त्यामुळे १० ऑगस्टच्या मागणीतही ते येत नाहीत. किनारपट्टीवरचं धर्मग्राम आणि तलासरी-डहाणूकडचा आदिवासी ख्रिस्ती यांच्यातलं नातं बरोबरीचं आहे, की देणारा आणि घेणारा असं आहे? माझ्या मते वसईतला खरा प्रश्न इथे आहे.

यावर कुणी म्हणेल, वसईचं चर्च समाजाच्या प्रश्नावर गप्प कधी बसलं? खरंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ तुम्हाला माहीत असेल. विहिरींच्या पाण्याचा टँकरने होणारा उपसा, वाड्या गिळणारं बांधकाम, दहशत, या सगळ्याविरुद्ध ख्रिस्ती आणि हिंदू गावकरी एकत्र आले. तिथली भाषा अटीची नव्हती. कुठली जमीन, कुठलं पाणी, कोण नेतंय, हे ठरलेलं होतं. आणि बोलणाऱ्याला धोकाही होता.

पण फरक बघा. तिथे चर्च आपल्या माणसांसाठी, बाहेरच्या ताकदीविरुद्ध उभं होतं. जातीच्या प्रश्नात त्याला आपल्याच माणसांपुढे उभं राहावं लागतं. समोर बसलेल्यांनाच, त्यांच्या घरातल्या सोयरिकीबद्दल बोलावं लागतं. हे जास्त कठीण आहे, आणि म्हणून बांधिलकी तपासायची तर इथेच तपासायला हवी.

वंशवाद शब्दशः अभ्यासायचा असेल, तर अमेरिकेपर्यंतही जायला नको. नालासोपारा पूर्वेला बरेच आफ्रिकी लोक राहतात. २०२० मध्ये फ्लॉइडसाठी काळी चौकट ठेवलेल्या माझ्या ओळखीच्या एका घरमालकाने वर्षभरातच एका नायजेरियन कुटुंबाला खोली नाकारली. ते कुटुंबही ख्रिस्तीच होतं.

मग पुरावा कुठे शोधायचा?

तुमच्या प्रस्तावासाठी काही सूचना.

एक. दर निवेदनाला चार प्रश्न विचारा : कोण बोलतंय, कुणाला, कुठल्या चुकीबद्दल, आणि ते खरं ठरलं तर कुणाला काय सोडावं लागेल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असेल, तर ते निवेदन शुभेच्छापत्र समजा.

दोन. लग्नाच्या नोंदवह्या बघायची परवानगी मागा. वधू-वराचं मूळ धर्मग्राम त्यात कळतं. वीस-तीस वर्षांत समाजाबाहेरची लग्नं वाढली का, हे कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त सांगेल. मात्र आडनावावरून समाज ठरवू नका. पोर्तुगीज आडनावं इथे सगळ्या समाजांत आहेत. एकच आडनाव कुपाऱ्यांत, वाडवळांत आणि कोळ्यांत सापडू शकतं. आडनावावरून जात ओळखायची आपली सवय इथे पार फसते. गावावरून थोडा अंदाज येतो, पण विचारून खात्री केल्याशिवाय नोंद करायची नाही.

तीन. पॅरिश कौन्सिलवर, शाळांच्या व्यवस्थापनावर कोण आहे. सणाच्या मिस्सेत वाचन कोण करतं. आदिवासी धर्मग्रामाला दिलेल्या भेटीचे फोटो छापताना कुणाचं नाव येतं आणि कोण नुसता 'आदिवासी बांधव' राहतो, हे बघा. 'सुवार्ता' मासिकाचे जुने अंक या कामाला सोन्यासारखे आहेत.

चार. माणसं सांभाळा. गावात पाचच आंतरसमाज लग्नं झाली असतील, तर नाव न घेताही सगळ्यांना कळतं की तुम्ही कुणाबद्दल लिहिलंय. मी वर आजींची गोष्ट सांगितली, त्यात ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्यांना वाचून दाखवलंय. त्या म्हणाल्या, "लिही. पण अबोला मी नाही धरला, ह्यांनी धरला, ते पण लिही." लिहिलं.

पाच. उलट्या टोकाला जाऊ नका. 'सगळी निवेदनं ढोंगी' हा निष्कर्षही न तपासलेलं लेबलच आहे. २०१६ च्या धोरणामुळे एक गोष्ट नक्की झाली : आता कुठल्याही धर्मग्रामात उभं राहून कुणीही विचारू शकतं की तुमच्याच बिशपांनी हे लिहिलंय, त्याचं इथे काय झालं? कबुली छापली गेली की ती लिहिणाऱ्यालाच बांधून ठेवते. तो प्रश्न विचारणारं कुणीतरी लागतं.

त्या मसुद्याचं काय झालं? विद्यार्थ्याने शीर्षक बदललं. आता ते आहे : 'वसई तालुक्यातील तीन धर्मग्रामांमधील आंतरसमाज विवाह आणि चर्चची जातिविषयक निवेदनं'. पूर्वीपेक्षा लहान आणि रुक्ष आहे. पण तपासता येईल असं आहे. तुमच्या प्रस्तावात 'बांधिलकी' हा शब्द असेल, तर आज रात्री तो खोडून तिथे काय मोजणार ते लिहून बघा. जमलं नाही तर कमेंटमध्ये कळवा, मिळून बघू.